प्रकल्प नोंदी: मयत सहमालक, चालू कर्ज आणि अमेरिकेतली वारस – पुणे मनपा हद्दीतला एक रिसेल फ्लॅट

१४ जून २०२३
व्यवहार ७८ लाखांना ठरला. फ्लॅट २००६ साली बिल्डरकडून १८ लाखांना नवराबायकोच्या नावावर घेतलेला. नवरा २०१९ मध्ये वारला, मृत्युपत्र नाही. गृहकर्ज अजून चालू आहे. आज एक लाख रुपये विसार म्हणून त्याच्या बायकोच्या (पुढे 'बाई') खात्यात एनईएफटीने दिला आणि साध्या कागदावर पावती घेतली. यात एक चूक झाली, ती २१ ऑगस्टला उघड झाली.

१९ जून
कागद मागवले: मूळ करारनामा, त्याची नोंदणी पावती आणि सूची क्रमांक दोन (नोंदलेल्या दस्ताचा गोषवारा), भोगवटा पत्र, भाग प्रमाणपत्र (सोसायटीचे शेअर सर्टिफिकेट), मृत्यू दाखला, मिळकत कराची आणि सोसायटीची शेवटची पावती, बँकेचे एलओडी, म्हणजे बँकेकडे कोणकोणते मूळ कागद जमा आहेत त्याची यादी. एलओडी बँकेकडून लेखीच घ्यावे. "सगळं बँकेत आहे" हे विकणाऱ्याचे म्हणणे निम्म्या वेळा चुकीचे निघते.

सोसायटीत बाईंचे नामनिर्देशन आहे, म्हणून त्या एकट्या सही करतील असे दलालाने सांगितले होते. ते चालत नाही. नामनिर्देशित व्यक्ती वारसांच्या वतीने विश्वस्त असते, मालक होत नाही. सहकारी संस्था कायद्यातल्या २०१९ च्या दुरुस्तीनेही नॉमिनीला वारस ठरेपर्यंतचा तात्पुरता सभासदच धरले आहे.

२७ जून
मालकीच्या नोंदींचा तीस वर्षांचा शोध. मुंबईबाहेरचे २००२ पासूनचे दस्त ई-सर्चवर मिळतात, त्याआधीची पुस्तके कार्यालयात जाऊन चाळावी लागतात. जमिनीची साखळी स्वच्छ निघाली. मात्र फ्लॅटवर २०१६ ची एक नोटीस ऑफ इंटिमेशन (मिळकत गहाण ठेवल्याची निबंधकाला दिलेली सूचना) सापडली. विचारल्यावर कळले की त्या वर्षी त्याच बँकेतून टॉप-अप कर्ज घेतले होते आणि ते सगळे विसरून गेले होते. वहीत लाल शाईने लिहून ठेवले: फोरक्लोजर लेटर (कर्ज पूर्ण फेडायला किती रक्कम लागेल त्याचे बँकेचे पत्र) दोन्ही खात्यांचे मागायचे. (लिहिले, पण पाळले नाही. २७ ऑक्टोबर पाहा.)

५ जुलै
वारस ठरवणे. बाईंचा स्वतःचा अर्धा हिस्सा. उरलेल्या अर्ध्याचे वारस कोण, तर बायको, मुलगा, मुलगी इथे सगळे थांबतात. मयताची आई हयात आहे, वय ८२. हिंदू वारसा कायद्यात आई वर्ग एकची वारस आहे आणि हेच नाव सर्वात जास्त वेळा सुटते. म्हणून अर्ध्याचे चार भाग, प्रत्येकी १२.५ टक्के. बाईंचे एकूण ६२.५ टक्के, म्हणजे ४८,७५,००० रुपये. मुलगा, मुलगी आणि आजी यांचे प्रत्येकी ९,७५,०००.

पर्याय दोन. एक, तिघांनी बाईंच्या नावे हक्कसोडपत्र करायचे. दोन, चौघांनी थेट लिहून देणार म्हणून सही करायची. हक्कसोडपत्राला तेव्हाचा २०० रुपये मुद्रांक हा "वडिलोपार्जित" मिळकतीसाठी होता. फ्लॅट स्वकष्टार्जित होता, म्हणून टेबलावर हिश्श्याच्या किमतीवर पूर्ण शुल्क मागितले. अभिनिर्णयाला (शुल्क किती ते मुद्रांक अधिकाऱ्याकडून ठरवून घ्यायला) टाकले तर दोनेक महिने जातील, म्हणून दुसरा पर्याय घेतला. पण मुलगी कॅलिफोर्नियात आहे. ती अनिवासी विकणार झाली की १९६१ च्या आयकर कायद्याचे कलम १९५ (अनिवासीला पैसे देताना कर कापण्याचे) लागते, आणि पुढचा निम्मा ताप त्याचाच आहे. अशा व्यवहारात अनिवासी वारस एकच असेल आणि हाताशी वेळ असेल, तर तिच्यापुरता तरी हक्कसोडपत्राचा अभिनिर्णय करून घ्यावा असे आता वाटते.

घेणाऱ्याला कर्ज देणाऱ्या बँकेच्या (पुढे 'घेणारी बँक') पॅनेलवरच्या वकिलांनी १८२७ च्या रेग्युलेशनखालचे न्यायालयीन वारस प्रमाणपत्र मागितले. त्याला कित्येक महिने लागले असते. बोलणे होऊन यावर मिटले: सर्व वारसांचे नोटराइज्ड प्रतिज्ञापत्र, जुने रेशनकार्ड, दोन वर्तमानपत्रांत १४ दिवसांची जाहीर नोटीस, आणि दस्तात नुकसानभरपाईचे कलम. त्यांच्याकडून हे ईमेलवर घेतले. तोंडी होकार वकील बदलला की विरतो.

११ जुलै
जाहीर नोटीस छापली, एक मराठी, एक इंग्रजी दैनिक. खर्च ७,८०० रुपये.

२० जुलै
सर्व्हे नंबरच्या हिश्श्यात "२अ"च्या जागी "२" छापून आले आहे. मजकूर आम्ही बरोबर दिला होता, पण प्रूफ फोनवर वाचून मंजूर केले. "अ" तिथेच गळला. पॅनेलच्या वकिलांनी नोटीस अमान्य केली, आणि त्यांचे बरोबरच आहे, कारण २ आणि २अ या वेगळ्या मिळकती आहेत. पुन्हा छापली, पुन्हा १४ दिवस, पुन्हा ७,८००. प्रूफ व्हॉट्सॲपवर मागवून सूची क्रमांक दोन शेजारी धरून अक्षर-अक्षर ताडायचे, एवढेच काम होते.

मुलाचे पॅन आधारशी जोडलेले नाही, म्हणून १ जुलैपासून निष्क्रिय दाखवते. तसेच राहिले तर त्याच्या हिश्श्यावर १ ऐवजी २० टक्के टीडीएस (पैसे देतानाच घेणाऱ्याने कापायचा कर) कापावा लागेल, म्हणजे ९,७५० च्या जागी १,९५,०००. हजार रुपये भरून जोडणी केली. सक्रिय व्हायला महिन्यापर्यंत लागतो, तेव्हा हे पहिल्या दिवशी तपासावे. आजींचेही जोडलेले नाही, पण ८० वर्षे पूर्ण झालेल्यांना सूट आहे.

१ ऑगस्ट
मुलीकडून भावाच्या नावे कुलमुखत्यारपत्र आले आणि दोन कारणांनी बाद झाले. तिथल्या नोटरीची सही आहे, पण अपॉस्टिल (दस्त परदेशात चालावा म्हणून तिथल्या सरकारचा शिक्का) नाही. दुसरे म्हणजे मजकुरात "विकण्याचे अधिकार" आहेत, पण दुय्यम निबंधकासमोर निष्पादन कबूल करणे, साठेखत आणि खरेदीखत दोन्हींवर सही करणे, ताबा देणे यांतले काहीच नाही. इंटरनेटवरचा नमुना उचलला होता. आपल्याकडून मसुदा पाठवला, तोही फ्लॅटच्या पूर्ण वर्णनासह, प्रत्येक पानावर सही, शेवटी दोघांचे फोटो आणि अंगठे. पैसे घेण्याचा अधिकार मुद्दाम ठेवला नाही. मुलीचे पैसे थेट तिच्या एनआरओ (अनिवासींच्या भारतातल्या रुपयांच्या) खात्यात जातील. ते खातेही नव्हते, उघडायला सांगितले.

९ ऑगस्ट
दुसऱ्या नोटिशीची मुदत संपली, हरकत नाही.

घेणाऱ्याचे नाव: नवराबायको दोघे घेणार होते. फक्त बायकोच्या नावे घेतले तर मुद्रांक शुल्क ७ ऐवजी ६ टक्के लागते, ७८ लाखांवर ७८,००० रुपये वाचतात. एकही पुरुष सहखरेदीदार असला तर सवलत जाते. पंधरा वर्षे पुरुषाला विकायचे नाही ही जुनी अट आता नाही. दुसरा फायदा असा की खरेदीदार एक असल्याने टीडीएसचे सगळे फॉर्म निम्मे होतात आणि टॅनही (कर कापणाऱ्याचा खाते क्रमांक) एकच लागतो. तोटा हा की नवरा कर्जात सहअर्जदार असला तरी मालक नसल्याने त्याला व्याजाची वजावट मिळत नाही. तो नव्या करप्रणालीत आहे, तेव्हा प्रश्न नव्हता. बँकेने मंजुरीपत्र तसे बदलून दिले, आठ दिवस गेले.

२१ ऑगस्ट
विसाराची चूक. ५० लाख किंवा जास्तच्या व्यवहारात प्रत्येक हप्त्यावर, विसारासकट, १ टक्का कापायचा असतो आणि ज्या महिन्यात कापला तो संपल्यापासून ३० दिवसांत २६क्यूबी (हा कर भरण्याचा फॉर्म) भरायचा असतो. जूनच्या एक लाखावर हजार रुपये कापलेच नव्हते, मुदत ३० जुलैला गेली. उशिराचे शुल्क रोज २०० रुपये, पण मूळ कराच्या रकमेवर जात नाही, म्हणून हजारावर सुटका झाली. वर व्याज तीसेक रुपये. विसार पाच लाखांचा असता तर चार हजारांवर गेले असते. "शेवटच्या हप्त्यात सगळा टीडीएस एकदम कापू" हे दलाल सर्रास सांगतात. ऐकू नये.

२५ ऑगस्ट
मुलीचा टीडीएस. अनिवासी विकणाऱ्याला १ टक्का आणि २६क्यूबी लागू नाही. २०२३ च्या नियमांप्रमाणे घेणाऱ्याने टॅन काढायचा, चलन २८१ ने भरायचे, तिमाहीचे २७क्यू विवरण द्यायचे. दर दीर्घकालीन भांडवली नफ्याचा, तेव्हा २० टक्के आणि ४ टक्के उपकर मिळून २०.८ होता. नफा किती हे घेणाऱ्याने स्वतः ठरवायचे नसते, तेव्हा दाखला नसेल तर पूर्ण हिश्श्यावर कापावा लागतो: ९,७५,००० वर २,०२,८००.

कमी दराच्या दाखल्यासाठी मुलीच्या पॅनवरून ट्रेसेसवर (आयकर खात्याच्या टीडीएस संकेतस्थळावर) फॉर्म १३ भरला. हिशोब असा जोडला: १८ लाख × ३४८ ÷ १२२ = ५१.३४ लाख (२०२३-२४ आणि २००६-०७ चे महागाई निर्देशांक), नफा २६.६६ लाख, आठवा हिस्सा ३.३३ लाख, त्यावर २०.८ टक्के म्हणजे ६९,३०० च्या आसपास. अर्जात घेणाऱ्याचा टॅन लागतो, म्हणून आधी टॅन. दाखला मागील तारखेला लागू होत नाही, तेव्हा तो हातात येईपर्यंत मुलीला एक रुपयाही द्यायचा नाही.

१२ सप्टेंबर
दुसरे कुलमुखत्यारपत्र अपॉस्टिलसह ८ तारखेला पोहोचले. परदेशात केलेल्या दस्तावर तो राज्यात आल्यापासून तीन महिन्यांत मुद्रांक लावावा लागतो. कुरियरचे पाकीट फेकू नये, आल्याच्या तारखेचा पुरावा तोच. जवळच्या नात्यात, मोबदल्याशिवाय, म्हणून ५०० रुपये. आज सह जिल्हा निबंधक कार्यालयात दाखल.

२६ सप्टेंबर
साठेखताचा मसुदा पक्का. पैशांचा क्रम दस्तातच लिहिला:

विसार १ लाख, बाईंना.
साठेखताच्या दिवशी स्वतःचे २२ लाख: मुलीला ९.७५, मुलाला ९.७५, बाईंना २.५०.
बँकेचे ५५ लाख: आधी बाईंच्या बँकेला कर्जफेड, मूळ कागद सुटल्यावर खरेदीखताच्या दिवशी आजींना ९.७५ आणि उरलेले बाईंना.

कर्जफेड बाईंच्या हिश्श्यातून होईल, बाकी वारसांवर तिचा बोजा नाही, हे वाक्य सर्वांच्या संमतीने घातले. ते नसते तर टीडीएसचे हिस्सेच ठरले नसते.

२८ ला सह्या होऊ शकल्या असत्या. आजी म्हणाल्या, अनंत चतुर्दशी झाली की पक्ष लागतो, घर विकायची घाई पितरांच्या तोंडावर नको. दुय्यम निबंधक कार्यालयात त्या पंधरवड्यात रांग नसते हे खरे, पण विकणारे कुटुंब तयार नसेल तर उपयोग नाही. शिवाय कमी दराचा दाखलाही आला नव्हता. घटस्थापनेनंतरचे बघायचे ठरले.

३ ऑक्टोबर
दाखला आला, दर ७.११ टक्के. ९,७५,००० वर ६९,३२३. एक लाख तेहतीस हजार रुपये अडकायचे वाचले, दाखल्याला ३९ दिवस लागले.

१६ ऑक्टोबर
पब्लिक डेटा एन्ट्री, म्हणजे दस्ताची माहिती नोंदणी खात्याच्या संकेतस्थळावर आधी भरणे. पहिल्या नोंदीत मूल्यांकन सुमारे ८१.५ लाख आले, मोबदल्याच्या वर. शुल्क जास्त असेल त्यावर, म्हणजे २१,००० रुपये जादा, आणि टीडीएसही जास्त किमतीवर. कारण शोधायला अर्धा दिवस गेला. २००६ च्या करारात "१,०५० चौ. फूट" लिहिले आहे, ते त्या काळचे सेलेबल क्षेत्र, जिना-लॉबी धरून. आमच्या कार्यालयातल्या मुलाने तेच बांधीव म्हणून भरले. त्याच करारात परिशिष्टात कार्पेट ७६० चौ. फूट आहे, ७०.६ चौ. मी. त्याचे १.२ पटीने बांधीव ८४.७ चौ. मी. ते भरल्यावर मूल्य ७०.८ लाख. सहावा मजला, लिफ्ट असल्याने ५ टक्के वाढ, इमारतीच्या वयाचा घसारा, हे दोन्ही प्रणाली स्वतः धरते, बांधकामाचे वर्ष मात्र नीट भरावे.

१७ ऑक्टोबर
ग्रासवरून (सरकारी भरण्याचे संकेतस्थळ) ४,६८,००० मुद्रांक आणि ३०,००० नोंदणी फी. चलन सहीच्या आधी भरले पाहिजे. आधी सह्या आणि मागून चलन असे झाले तर दस्त अपुऱ्या मुद्रांकाचा ठरू शकतो.

१८ ऑक्टोबर
नोंदणी. ई-स्टेप-इनचा वेळ ११.३०, आत गेलो २.१० ला. सर्व्हर. कुलमुखत्यारपत्र रद्द झालेले नाही आणि देणारी हयात आहे, हे घोषणापत्र सोबत नव्हते, तिथेच टाइप करून घेतले. त्याची कोरी प्रत फाइलमध्ये कायम ठेवावी.

आजींसाठी गृहभेटीचा अर्ज डॉक्टरांच्या दाखल्यासह आधीच दिला होता. कर्मचारी साडेचारला घरी आले. डावा अंगठा यंत्र घेईना. आयुष्यभर भांडी घासून रेषा झिजल्या होत्या. कोमट पाण्याने हात धुऊन, कोरडा करून, थोडे खोबरेल लावून पुसले तेव्हा चौथ्या खेपेला उमटला.

इथेच मोठी चूक झाली: याच भेटीत आजींकडून नातवाच्या नावे खरेदीखतापुरते कुलमुखत्यारपत्र नोंदवून घ्यायला हवे होते. नाही केले, म्हणून नोव्हेंबरात दुसरी गृहभेट लागली.

२७ ऑक्टोबर
घेणाऱ्या बँकेने १६,४२,३०० चा डीडी काढला. विकणाऱ्यांच्या बँकेने घेतला, मुख्य खाते बंद केले, आणि टॉप-अपचे २,८७,५०० बाकी असल्याने कागद सोडणार नाही म्हणाली. फोरक्लोजर लेटर एकाच खात्याचे आणले होते. जूनमध्ये लिहून ठेवलेली लाल ओळ कोणी उलटून पाहिली नाही. त्यात लेटरची मुदत २५ तारखेची, म्हणून दोन दिवसांचे व्याजही कमी पडले, ते बाईंनी रोख खिडकीवर भरले.

दुसऱ्या हप्त्यासाठी घेणाऱ्या बँकेत पुन्हा मंजुरीची फेरी. लेटर मागताना नेहमी तीन गोष्टी लिहून घ्याव्यात: ग्राहक क्रमांकाखालची सर्व खाती, रोजचे व्याज किती, आणि किमान दहा दिवस पुढची वैधता. डीडीत चार-पाच दिवसांचे व्याज जास्त धरावे, उरलेले परत मिळते. कर्जदार व्यक्ती असून व्याजदर बदलता असेल तर मुदतपूर्व फेडीचे शुल्क लागत नाही. इथेही लावले होते, पत्र दिल्यावर काढले.

३ नोव्हेंबर
टॉप-अप बंद. दोन्ही खात्यांचे ना-देय पत्र आणि २०१६ च्या नोटिशीचा बोजा उतरवल्याचे पत्र मागितले. सरसाईवरून (गहाणांची केंद्रीय नोंदवही) नोंद काढल्याचा पुरावाही वेगळा मागावा, घेणाऱ्या बँकेचा माणूस तो शेवटच्या दिवशी विचारतो.

६ नोव्हेंबर
मुलीचे ६९,३२३ चलन २८१ ने भरले, मुदत ७ ची. २७क्यू जानेवारीअखेर. ऑक्टोबरच्या इतर हप्त्यांचे २६क्यूबी तीन: मुलगा ९,७५०, बाई २,५०० आणि कर्जफेडीच्या डीडीवर १६,४२३. बाईंच्या बँकेला थेट गेलेले पैसेही बाईंनाच दिलेले धरतात. हातात पडले तेवढ्यावरच टीडीएस कापतात, तिथे पुढे नोटीस येते. ५५ लाखांवरचा टीडीएस ५५,०००, तो घेणाऱ्या बाईंनी आधी स्वतः भरायचा आणि पावत्या दाखवल्यावर बँक त्यांच्या खात्यात टाकणार, असे ठरले.

२४ नोव्हेंबर
मूळ कागद मिळाले, बंद झाल्यापासून एकवीस दिवसांनी. दिवाळी मध्ये आली. ३० दिवसांत कागद न दिल्यास रोज ५,००० रुपये भरपाईचा रिझर्व्ह बँकेचा नियम १ डिसेंबरपासून लागू होणार, त्याच्या अलीकडचे हे प्रकरण. एलओडीप्रमाणे पाने मोजून घेतली: करार ५८ पाने, नोंदणी पावती, बिल्डरच्या पावत्या ११. एक पावती कमी होती, फाइलच्या जाडीत दुसऱ्या खातेदाराच्या कागदांत गेली होती. काउंटर सोडण्याआधी मोजले म्हणून सापडली.

२९ नोव्हेंबर
खरेदीखत, मुद्रांक १०० रुपये, कारण पूर्ण शुल्क साठेखतावर भरले आहे. साठेखताचा दस्त क्रमांक आणि चलन क्रमांक यात न चुकता लिहावेत. आजींची दुसरी गृहभेट, या वेळी अंगठा पहिल्या खेपेला. बँकेचे उरलेले चेक दिले, ताबा पावती, वीजमीटरचे रीडिंग, चाव्या. मूळ कागद घेणाऱ्या बँकेत जमा आणि त्या गहाणाची नोटीस ऑफ इंटिमेशन लगेच दाखल. तिला ३० दिवस असतात, ती कर्जदाराची जबाबदारी आहे, बँकेची नाही.

११ डिसेंबर
सोसायटी. सूची क्रमांक दोन, हस्तांतराचे अर्ज, वारसांचे प्रतिज्ञापत्र दिले. समितीने "विकास निधी" म्हणून ५०,००० मागितले. ९ ऑगस्ट २००१ च्या परिपत्रकाप्रमाणे हस्तांतर अधिमूल्य २५,००० च्या वर नाही. देणगी, निधी असे नाव बदलूनही नाही. भांडण न करता परिपत्रकाची प्रत जोडून लेखी मागणी द्या म्हटले. लेखी मागणी आली नाही. २५,००० अधिमूल्य, ५०० हस्तांतर फी, १०० प्रवेश फी भरली, पावती घेतली.

२८ डिसेंबर
नोव्हेंबरचे २६क्यूबी भरले: बाईंचे दोन हप्ते, आजींचा एक. विसारासकट एकूण सात. पावती क्रमांक, रक्कम आणि तारीख एका तक्त्यात ठेवली आहे, १६बी (टीडीएस भरल्याचे दाखले) त्यावरूनच डाउनलोड करायचे.

खर्च, मोबदला सोडून: मुद्रांक ४,६८,०००, नोंदणी ३०,०००, दोनदा जाहीर नोटीस १५,६००, वकील फी, शोध, मसुदे ४५,०००, गृहभेटी, नोटरी, कुलमुखत्यारपत्र, टॅन मिळून साडेसात हजार, सोसायटी २५,६००, विसाराच्या चुकीचे १,०३०.

चुकांमुळे गेलेला वेळ: नोटीस ११ दिवस, कुलमुखत्यारपत्र ३८, टॉप-अप ७. नोटीस आणि कुलमुखत्यारपत्र काही दिवस एकावर एक चालले, म्हणून बेरीज करून उपयोग नाही.

बाकी: भाग प्रमाणपत्रावर नाव जानेवारीच्या समिती सभेत चढेल. मिळकत कराच्या नावाचा अर्ज दिला आहे. महावितरणचा अर्ज परत आला, कारण जुन्या बिलावर मयताचे नाव होते, मृत्यू दाखल्यासह पुन्हा भरला.